काटा, रिंग आणि पन्नास किलोंचे जगज्जेते

ऑगस्ट २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरनं पन्नासावी लढत जिंकली आणि एकही पराभव न पत्करता तो निवृत्त झाला. तो आकडा जगभरच्या क्रीडापानांवर झळकला. पुढच्याच वर्षी थायलंडच्या वानहेंग मेनायोथिननं तोच आकडा गाठला आणि ओलांडलाही. शेवटी त्याच्या नावावर सलग ५४ विजय जमा झाले. वानहेंग १०५ पौंडांच्या, म्हणजे ४७.६ किलोंच्या गटातला डब्ल्यूबीसी जगज्जेता होता. नोव्हेंबर २०२० मध्ये पान्या प्रदाबश्रीनं त्याला गुणांवर हरवलं आणि ती मालिका संपली. थायलंडबाहेर मालिका चालू असल्याचं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, मग ती तुटल्याचं कुठून कळणार?

दोघांची गुणवत्ता सारखी होती असं मी म्हणत नाही. वानहेंगच्या यादीत दुबळे प्रतिस्पर्धी पुष्कळ होते आणि नुसत्या विजयांच्या बेरजेवरून बॉक्सर ओळखू नये. पण या दोन आकड्यांमधली दरी एका मोठ्या प्रश्नाकडे नेते. हलक्या वजनगटातला माणूस आयुष्याची दहापंधरा वर्षं या धंद्यात घालतो, तेव्हा त्याची कारकीर्द ठरते कशावर? शंभर वर्षांचा इतिहास चाळल्यावर माझं मत असं झालं आहे की, ती दोन गोष्टींवर ठरते. त्याच्यासाठी तिकीट काढणारे लोक त्याच्या गावात, त्याच्या देशात आहेत का, ही पहिली. वजनकाटा त्याला किती वर्षं सोसतो, ही दुसरी. मुठीतली ताकद या दोन्हींच्या नंतर येते.

आधी गटांचं गणित पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात १२६ पौंडांच्या फेदरवेटखाली मुख्य गट दोनच होते: ११८ चा बँटम आणि ११२ चा फ्लाय. आज फेदरवेटखाली १०५, १०८, ११२, ११५, ११८ आणि १२२ असे सहा गट आहेत. लाइट फ्लाय आणि सुपर बँटम १९७० च्या दशकात रुळले, सुपर फ्लाय १९८० मध्ये आला आणि सर्वांत खालचा, १०५ पौंडांचा गट १९८७ मध्ये. जागतिक किताब देणाऱ्या डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा मोठ्या संघटना चार आहेत. म्हणजे सतरा पौंडांच्या टप्प्यात एका वेळी चोवीस जगज्जेते असू शकतात. यावरून हलक्या गटांची नेहमी हेटाळणी होते. ती मला अर्धीच पटते. तीन पौंड म्हणजे १०८ पौंडांच्या माणसाच्या शरीराचे जवळपास तीन टक्के. १५४ वरून १६० ला जाणाऱ्याला सहा पौंड चढावे लागतात, म्हणजे सुमारे चार टक्के. प्रमाण पाहिलं तर फरक थोडाच आहे. चुकतं ते प्रत्येक गटाला चार-चार किताब वाटण्यात, आणि ती चूक जड गटांतही तेवढीच आहे.

या गटांचा इतिहास वेल्सच्या जिमी वाइल्डपासून सुरू होतो. पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला, जत्रेतल्या तंबूंमध्ये येईल त्या गड्याशी लढून तयार झालेला हा माणूस. त्याचं वजन क्वचितच १०८ पौंडांच्या वर गेलं. म्हणजे आजच्या हिशेबानं तो लाइट फ्लायवेट ठरला असता, पण त्या काळी तो गटच नव्हता. त्यामुळे तो आयुष्यभर आपल्याहून जड माणसांशी लढला. १९१६ मध्ये तो फ्लायवेटचा पहिला जगज्जेता झाला. जून १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, दोनेक वर्षांच्या खंडानंतर, एकतीस वर्षांचा वाइल्ड फिलिपिन्सच्या पांचो व्हियाविरुद्ध उतरला आणि सातव्या फेरीत कोसळला. तो पुन्हा कधी लढला नाही.

व्हिया हा आशियाचा पहिला जगज्जेता. खरं नाव फ्रान्सिस्को गिलेदो, निग्रोस बेटावरचा. त्याची कथा दोन वर्षांतच संपली. जुलै १९२५ मध्ये दाढेचं दुखणं अंगावर काढत तो जिमी मॅक्लार्निनशी लढला आणि हरला. संसर्ग गळ्यात पसरला आणि दहा दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोत तो गेला. तेवीस वर्षांचा होता आणि अजून जगज्जेता होता. त्याच्या नंतर किताब मिळवणाऱ्यांत अमेरिकेचा फिडेल लाबार्बा होता, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. १९२७ मध्ये जगज्जेता झाल्यावर काही महिन्यांतच त्यानं किताब सोडून दिला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढं तो फेदरवेटमध्ये परतला, पण ज्या वयात बॉक्सर कमवायला लागतो त्या वयात फ्लायवेटच्या जगज्जेत्याला वर्गातला बाक जास्त भरवशाचा वाटला, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

युरोप-अमेरिकेतून हा गट आशियाकडे सरकला त्याची सुरुवात १९५२ मध्ये झाली. जपान युद्ध हरलेला, परकी अंमल नुकताच उठलेला. त्या मे महिन्यात तोक्योच्या कोराकुएन स्टेडियममध्ये योशिओ शिराईनं डॅडो मारिनोला हरवलं आणि जपानला पहिला जगज्जेता मिळाला. त्याचा प्रशिक्षक आल्विन कान हा अमेरिकी अंमलाबरोबर जपानात आलेला जीवशास्त्रज्ञ. त्यानं शिराईच्या आहाराकडे लक्ष दिलं आणि मार चुकवण्याचं तंत्र घोटून घेतलं. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या पास्कुअल पेरेझनं शिराईला तोक्योतच हरवलं. पेरेझची उंची पाच फूटही नव्हती, पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्याकडे होतं आणि पुढची पाच वर्षं त्याला कुणी हलवू शकलं नाही. १९६० मध्ये बँकॉकमध्ये त्याला हरवून पोन किंगपेच थायलंडचा पहिला जगज्जेता झाला, आणि दोन वर्षांनी हारादा या एकोणीस वर्षांच्या जपानी बॉक्सरनं पोनला हरवून किताब परत जपानला आणला. अर्जेंटिना, जपान, थायलंड या तिन्ही देशांना बॉक्सिंगचा पहिला जागतिक किताब फ्लायवेटनं मिळवून दिला.

जपाननं त्या पहिल्या किताबाचं काय केलं, हे इतरांपेक्षा वेगळं आहे. त्यांनी घडी बसवली. १९५२ मध्येच नियामक मंडळ स्थापन झालं. कोणताही व्यावसायिक बॉक्सर एखाद्या जिमचा असावाच लागतो आणि परवाना पायरीपायरीनं मिळतो: आधी चार फेऱ्यांचा, मग सहांचा, मग आठ आणि त्यापुढचा. कोराकुएन हॉल हे दीडदोन हजार खुर्च्यांचं सभागृह १९६० च्या दशकापासून या लढतींचं घर आहे. खालच्या पायरीवरच्या बॉक्सरला मानधनाचा मोठा भाग तिकिटांच्या रूपानं मिळतो. ती त्यानं शेजारीपाजारी, नातेवाईक, कामावरचे सोबती यांना विकायची. ऐकायला हे कठोर वाटतं आणि आहेही. बहुतेक बॉक्सर दिवसा दुसरं काम करतात. पण यातून एक गोष्ट घडते: १०८ पौंडांच्या मुलाच्या पहिल्याच लढतीला त्याला नावानं ओळखणारी माणसं खुर्च्यांवर असतात. तीच माणसं पुढं त्याच्या राष्ट्रीय किताबाच्या लढतीला येतात. असा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या टिकला म्हणून योको गुशिकेन ओकिनावाहून येऊन १९७६ ते १९८१ या काळात लाइट फ्लायचा किताब तेरा वेळा राखू शकला आणि देशभर घराघरांत पोहोचला.

थायलंडची रीत निराळी. तिथला बॉक्सर बहुधा मुए थाईतून येतो, लहानपणापासून लढून लढून कमावलेला. नावातच त्याच्या जिमचं किंवा पुरस्कर्त्याचं नाव लागतं. पुरस्कर्ता बदलला की नावही बदलू शकतं. जगज्जेतेपदाच्या लढती स्थानिक मैदानात, टीव्हीच्या सोयीनं, अनेकदा भर दुपारी. या व्यवस्थेनं खाओसाई गॅलॅक्सीसारखा माणूस दिला. सुपर फ्लायचा किताब त्यानं १९८४ पासून १९ वेळा राखला आणि १९९१ मध्ये जगज्जेता म्हणूनच हातमोजे उतरवले. तुरुंगातूनही थायलंडला विजेते मिळाले. अम्नात रुएनरोएंग तुरुंगात बॉक्सिंग शिकला आणि २०१४ मध्ये फ्लायवेटचा आयबीएफ जगज्जेता झाला. सॅमसन सोर सिरिपोर्ननं तर २००७ मध्ये तुरुंगाच्या आवारातच महिलांचा लाइट फ्लाय किताब जिंकला.

दक्षिण कोरियाकडे १९८० च्या दशकात चांग जुंग-कू आणि यू म्युंग-वू असे दोन अजोड लाइट फ्लायवेट होते. एकानं १५ वेळा किताब राखला, दुसऱ्यानं १७ वेळा. देश श्रीमंत होत गेला तसा तिथला तरुण या खेळापासून दूर गेला आणि ती परंपरा जवळजवळ आटली. मेक्सिकोची मात्र आटली नाही. युकातानचा मिगेल कांतो, मग १०५ पौंडांतला, एकही लढत न हरता निवृत्त झालेला रिकार्डो लोपेझ, मग आणखी कितीतरी. मेक्सिकोला एक जास्तीचा आधार होता. लॉस एंजेलिस भागात वसलेला मेक्सिकन समाज. शेजारच्या इंगलवूडमधलं फोरम सभागृह हलक्या गटांच्या लढतींनी वर्षानुवर्षं भरलं ते याच लोकांच्या बळावर.

त्याच फोरममध्ये फेब्रुवारी १९९४ मध्ये हलक्या गटांच्या पैशाचा इतिहास बदलला. मायकल कार्बाहाल हा ॲरिझोनाचा, सोल ऑलिंपिकचा रौप्यविजेता. हुम्बेर्तो गोन्सालेस मेक्सिकोचा. आदल्या वर्षी लास वेगासमध्ये कार्बाहाल दोनदा खाली पडला, दोनदा उठला आणि सातव्या फेरीत त्यानं गोन्सालेसला झोपवलं. तसली लढत कुठल्याही वजनात क्वचितच होते. दुसऱ्या लढतीसाठी दहा लाख डॉलर ठरले आणि १०८ पौंडांच्या माणसाला एवढं मानधन पहिल्यांदाच मिळालं. त्या काळात हेवीवेटचे आकडे कोटींत होते. तरी महत्त्वाचं हे की, एका बाजूला अमेरिकी ऑलिंपियन आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकन नायक असे दोन प्रेक्षक एकत्र आले, तेव्हाच हा पैसा उभा राहिला.

निकाराग्वाच्या रोमान गोन्सालेसची, म्हणजे चोकोलातितोची कारकीर्द याची उलटी बाजू दाखवते. मानाग्वातल्या गरीब वस्तीतला हा मुलगा माजी जगज्जेत्या अलेक्सिस अर्ग्वेयोच्या हाताखाली तयार झाला. २००८ मध्ये जपानात जाऊन १०५ पौंडांचा किताब त्यानं जिंकला, पुढं १०८, ११२ आणि ११५ चेही. मायदेशात त्याला पूजणारे लोक होते, पण मोठं मानधन देणारा बाजार नव्हता. अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीवर तो पहिल्यांदा दिसला २०१५ मध्ये, तीन गटांत जगज्जेता होऊन झाल्यावर. त्याच वर्षी मेवेदरनं, पुढं मोडलेली, निवृत्ती जाहीर केल्यावर ‘द रिंग’ मासिकानं चोकोलातितोला सर्व वजनांतला सर्वोत्तम बॉक्सर ठरवलं. मार्च २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर श्रीसाकेत सोर रुंगविसाईनं त्याला हरवलं. श्रीसाकेत पूर्वी बँकॉकमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी करायचा आणि व्यावसायिक पदार्पणाची लढत जपानात हरला होता. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात श्रीसाकेतनं पुन्हा, या वेळी चौथ्या फेरीत, त्याला गार केलं. त्या संध्याकाळचे मुख्य सामने ११५ पौंडांचेच होते आणि जपानचा एक चोवीस वर्षांचा मुलगा त्या रात्री अमेरिकेत पहिल्यांदा लढला. त्याचं नाव नाओया इनोउए.

इनोउएनं जुनी वहिवाट मोडली. पूर्वी हलक्या गटातला बॉक्सर पैशासाठी एकतर वजन वाढवत वर जाई किंवा अमेरिकेत जाई. मॅनी पॅकिआओनं दोन्ही केलं. १९९५ मध्ये लाइट फ्लायमध्ये सुरुवात करणारा हा फिलिपिनो आठ गटांत जगज्जेता झाला, पण त्याला अफाट पैसा मिळाला तो जड गटांत पोहोचल्यावर. इनोउए घरीच राहिला. सहाव्याच लढतीत १०८ चा किताब, आठव्या लढतीत ११५ चा, मग ११८ आणि १२२ मध्ये चारही संघटनांचे किताब एकत्र. मे २०२४ मध्ये तोक्यो डोममध्ये चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर तो लुइस नेरीविरुद्ध पहिल्या फेरीत आयुष्यात प्रथमच खाली पडला आणि सहाव्या फेरीत जिंकला. त्या डोममध्ये १९९० च्या टायसन-डग्लस लढतीनंतर बॉक्सिंग झालंच नव्हतं. कोराकुएन हॉल आणि तोक्यो डोम एकाच परिसरात आहेत. या दोन इमारतींमधलं चालत दोन-चार मिनिटांचं अंतर कापायला जपानी हलक्या गटांना सत्तर वर्षं लागली, पण ते कापलं गेलं.

आता काट्याकडे वळतो, कारण नेरीचं नाव आलंच आहे. मार्च २०१८ मध्ये तोक्योत शिन्सुके यामानाकाविरुद्धच्या लढतीआधी नेरी ११८ च्या मर्यादेपेक्षा तब्बल ५ पौंड जड भरला. किताब त्यानं काट्यावरच गमावला, पण लढत झाली आणि त्यानं दुसऱ्या फेरीत यामानाकाला संपवलं. बारा वेळा किताब राखलेल्या यामानाकाची ती शेवटची लढत ठरली. जपाननं नेरीवर बंदी घातली, आणि सहा वर्षांनी तोक्यो डोमसाठी तीच बंदी उठवली. मला ती बंदी उठायला नको होती.

पूर्वी वजन लढतीच्या दिवशी होई. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी होऊ लागलं. हेतू चांगला होता: शरीराला पाणी भरून घ्यायला वेळ मिळावा. परिणाम उलटा झाला. आता लोक आणखी वजन उतरवू लागले, कारण परत चढवायला चोवीस तास हाताशी होते. जेमतेम पन्नास किलोंच्या माणसाच्या अंगावर मुळात चरबी नसते. तो शेवटच्या दिवसांत उतरवतो ते पाणी. पॅकिआओसारख्याचा फ्लायवेट किताब १९९९ मध्ये असाच काट्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी तो तिसऱ्या फेरीत हरला. दोन वर्षांच्या आत तो दहा पौंड वरच्या गटाचा जगज्जेता होता. इनोउएनंही १०८ सोडल्यावर ११२ ला थांबायचं टाळून थेट ११५ गाठलं. म्हणजे चांगल्या कारकिर्दीची किल्ली पुष्कळदा वेळेवर गट सोडण्यात असते, आणि नेमकं तेच अवघड जातं. किताब खालच्या गटात असतो, मानधनाचा करारही तिथलाच असतो.

हलक्या माणसांचे ठोसे हलके असतात, म्हणून इथं धोका कमी, असा समज आहे. तो खोटा आहे. वेल्सच्या मर्थर टिडफिलचा जॉनी ओवेन सप्टेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसला बँटमवेट जगज्जेता लुपे पिंटोरशी लढताना बाराव्या फेरीत कोसळला. त्याला शुद्ध आलीच नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. २००२ मध्ये त्याच्या गावात पुतळा उभा राहिला, तेव्हा ओवेनच्या वडिलांच्या विनंतीवरून त्याचं अनावरण करायला पिंटोर स्वतः मेक्सिकोहून आला. जपानात डिसेंबर २०२३ मध्ये, इनोउएच्याच कार्यक्रमात लढलेला बँटमवेट काझुकी आनागुची तेवीस वर्षांचा होता. त्या लढतीतल्या दुखापतीनं तो फेब्रुवारीत वारला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोराकुएन हॉलच्या एकाच कार्यक्रमात लढलेले दोन बॉक्सर, शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा, डोक्याच्या दुखापतीनं लागोपाठ गेले. दोघंही साठ किलोंच्या आसपासचे. हलक्या गटांत एका ठोशानं लढत सहसा संपत नाही, म्हणून ठोसे साचत जातात. कोरड्या पडलेल्या शरीरात मेंदूचं संरक्षण कमी होतं, अशी डॉक्टरांची भीती आहे. आयबीएफ लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करते, डब्ल्यूबीसी महिनाभर आधीपासून टप्प्याटप्प्यानं तपासते. हे सगळीकडे, किताबाच्या लढतींखेरीज इतर लढतींतही, सक्तीचं व्हायला हवं. मरणारे बहुतेक वेळा जगज्जेते नसतात.

वयाबद्दलही एक ठरीव समजूत आहे. वेगावर जगणारा माणूस तिशीत संपतो. वाइल्डकडे पाहून ती खरी वाटते. पण ब्राझीलचा एदेर जोफ्रे हारादाकडून दोनदा हरून निवृत्त झाला आणि परत येऊन १९७३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, फेदरवेटचा जगज्जेता झाला. नोनितो दोनाएरनं २०२१ मध्ये अडतिसाव्या वर्षी बँटमचा किताब जिंकला. चोकोलातितो २०१७ च्या नॉकआउटनंतर संपला असं सगळे म्हणाले, आणि २०२० मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. ज्यांना योग्य गट, पुरेशी विश्रांती आणि चांगला प्रशिक्षक मिळतो ते टिकतात.

हौशी बॉक्सिंगमधून येणारी वाट मात्र अरुंद होत चालली आहे. चीनच्या झोउ शिमिंगनं २००८ आणि २०१२ मध्ये लाइट फ्लायचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. एकतिसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला आणि चिनी प्रेक्षकांच्या ओढीनं अमेरिकी आयोजकांनी मकावमध्ये त्याच्याभोवती मोठे कार्यक्रम उभे केले. २०१६ मध्ये तो फ्लायवेटचा डब्ल्यूबीओ जगज्जेता झाला. रिओनंतर पुरुषांचा ४९ किलोंचा गट ऑलिंपिकमधून गेला. पॅरिसमध्ये सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता. १०५ आणि १०८ पौंडांच्या मुलाला आता ऑलिंपिकचं नाव घेऊन व्यावसायिक होता येणार नाही.

भारताकडे या वजनातली माणसं भरपूर आहेत. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ५४ किलोंत सुवर्ण जिंकणारा डिंको सिंग, ४८ आणि ५१ किलोंतली मेरी कोम, २०१९ मध्ये ५२ किलोंत जागतिक रौप्य मिळवणारा अमित पंघाल. हे सारे हौशी राहिले, आणि त्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. लष्कर, नौदल, पोलीस, रेल्वे इथली नोकरी म्हणजे पगार, निवृत्तिवेतन आणि सरावाची सोय. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट मुलांना लहान वयात घेऊन घडवते, तीही याच वाटेसाठी. ती सोडून माणूस कुणासमोर लढेल? बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगज्जेत्या सर्गेई वोदोप्यानोवला हरवणारा बँटमवेट अखिल कुमार व्यावसायिक रिंगमध्ये उतरला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि बीजिंगला नऊ वर्षं लोटली होती. त्या कार्यक्रमाची मुख्य लढत विजेंदर सिंगची, म्हणजे ७६ किलोंच्या गटाची होती. अखिलसाठी बीजिंगनंतरच्या वर्षी, भिवानीत किंवा मुंबईत, हजारभर खुर्च्यांचं एखादं सभागृह दर दोन महिन्यांनी भरलं असतं, तर त्या नऊ वर्षांचा हिशेब वेगळा झाला असता.